जवळचा म्हणजे किती जवळ? पर्यायी विमानतळांचा तक्ता, ४१ ओळी

तर मंडळी, मोठ्या शहराच्या मुख्य विमानतळाऐवजी आसपासच्या कुठल्या विमानतळावर उतरलं तर परवडतं, याचा माझा तक्ता ४१ ओळींवर पोचलाय. मागच्या वेळी २६ होत्या. पण खरी बातमी ओळींची नाही, रकान्यांची आहे. ‘तिकिटातली बचत’ हा रकाना मी चक्क उडवला. त्याच्या जागी ‘विमान उतरल्यानंतरची शेवटची बस’ आला.

उडवला कारण तो धादांत खोटं बोलायचा. दोन तिकिटांमधला फरक मोठा दिसला की मी खूश, आणि मग त्या फरकातून बॅग, बस, पहाटेच्या विमानासाठी आदल्या रात्रीची खोली असं एकेक वजा करत गेलं की हाती धुपाटणं. आता एकच आकडा ठेवते: घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचा, सगळं धरून.

दुसरी सुधारणा नावांची. विमान कंपन्या मोठ्या शहराचं नाव लावतात, मी तक्त्यात गावाचं खरं नाव लिहिते. ‘पॅरिस’ म्हणून विकलं जातं ते बोव्हे, पॅरिसपासून साधारण ८५ किलोमीटर. ‘ओस्लो’चं टॉर्प म्हणजे सांडेफ्योर, ११० किलोमीटर. स्टॉकहोमचं स्काव्ह्स्टा शंभर. फ्रँकफर्टचं हान तर १२०, आणि तिथवर प्रवासी रेल्वेही नाही. गावाचं नाव लिहिलं की आपण आपोआप विचारतो, ‘तिथून पुढे कसं जायचं?’ शहराचं नाव वाचून हा प्रश्नच पडत नाही.

आता या खेपेचा मुख्य शोध, म्हणजे मला उशिरा सुचलेली गोष्ट. सर्चच्या खिडकीत शहराचा कोड टाकला की आपल्याला वाटतं, सगळे पर्याय आले. लंडनसाठी ‘एलओएन’ टाकलं तर हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन, सिटी, साउथएंड असे सहाही येतात, खरं आहे. पण व्हिएन्नाच्या कोडात जवळचं ब्रातिस्लाव्हा नसतं. बार्सिलोनाच्या कोडात जवळचं जिरोना नसतं. कोड जिथे संपतो तिथून पुढे बहुतेक लोक शोधतच नाहीत, आणि माझ्या तक्त्यातल्या चांगल्या ओळी नेमक्या तिथल्याच निघाल्या. म्हणून हल्ली मी विमानतळांच्या याद्या बाजूला ठेवून आधी रेल्वेचा नकाशा उघडते. मुक्कामाच्या गावाला बोट लावायचं आणि गाडी न बदलता जिथून येता येतं त्या स्टेशनांवर फिरवत न्यायचं. स्वीडनमधल्या माल्मोला जायचंय? नकाशावरचं बोट समुद्र ओलांडून सरळ डेन्मार्कात जातं, कारण २००० साली ओरेसुंड पूल झाल्यापासून कोपनहेगन विमानतळाच्या खालूनच माल्मोची गाडी सुटते आणि वीस-पंचवीस मिनिटांत पोचवते. हे अंतर सोयीचं, हानचं गैरसोयीचं. किलोमीटर मोजण्यात काही राम नाही.

सापडलेले कोड गूगल फ्लाइट्समध्ये स्वल्पविराम देऊन एकाच खिडकीत भरते, सात मावतात. बाकी साधनांबद्दल आधी लिहून झालंय.

बाझेल. ही ओळ मला सगळ्यांत आवडते. विमानतळ एक, जमीन फ्रान्सची, चालवतात फ्रान्स आणि स्वित्झर्लंड मिळून, आणि त्याच इमारतीला तीन कोड: बीएसएल, एमएलएच, ईएपी. सामान घेऊन बाहेर पडायचे दरवाजेही दोन देशांचे दोन. मी मोबाइलमध्ये मान घालून चालत होते, ती फ्रान्सच्या दाराने बाहेर. बाझेल स्टेशनची ५० नंबरची बस स्विस बाजूला. पुन्हा आत शिरून पलीकडून बाहेर येईपर्यंत ती गेलेली. पुढची लगेच होती म्हणून निभावलं, पण भाड्याची गाडी घेणाऱ्यांनी इथे डोळे उघडे ठेवावेत. बुकिंग कुठल्या बाजूचं आहे ते बघा, गाडी परतही त्याच बाजूला द्यायची असते. स्विस बाजूच्या गाडीवर स्वित्झर्लंडच्या महामार्गाच्या टोलचं स्टिकर असतं, फ्रेंच बाजूच्या गाडीवर ते असेलच असं धरून चालू नका.

शेवटच्या बसचा रकाना का आला, तेही सांगून टाकते. विमानतळाचं नाव घेत नाही. रात्रीचं विमान चाळीस मिनिटं उशिरा उतरलं, माझी बॅग पट्ट्यावर सगळ्यांत शेवटी आली, आणि बाहेर आले तर स्टॉपवर एक वेळापत्रक आणि मी. टॅक्सीवाल्याने रक्कम सांगितली तेव्हा मला हसूच आलं, कारण तिकिटात वाचवलेली रक्कम जवळजवळ तेवढीच होती. तेव्हापासून नियम: विमान उतरण्याची वेळ आणि शेवटची बस यांत किमान दोन तास नसतील तर ती ओळ लाल. कितीही स्वस्त असो.

उलट चौघांच्या प्रवासात गणित पार फिरतं, हे मला अपेक्षित नव्हतं. तिकिटातली बचत चौपट होते, पण भाड्याची गाडी एकच लागते. एकटीसाठी लाल असलेल्या सहा ओळी चौघांसाठी हिरव्या झाल्या. लांबचे विमानतळ सडाफटिंग लोकांसाठी असतात असं आपण म्हणतो, तक्ता नेमकं उलटं सांगतोय.

परतीचा विमानतळही वेगळा धरायला लागलेय. ब्रिटनचा एअर पॅसेंजर ड्यूटी हा कर देशातून निघताना लागतो, उतरताना नाही, आणि लांब पल्ल्याला तो चांगलाच बोचतो. आयर्लंडने आपला प्रवास कर २०१४ मध्ये काढून टाकला. त्यामुळे जाताना लंडन आणि येताना डब्लिन, अशी ओळ केली. ब्रिटनच्याच उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टहून डब्लिन विमानतळाला थेट बस आहे, दोनेक तासांची. वाटेत सीमेवर सहसा कोणी अडवत नाही, पण म्हणून व्हिसा एकच असं समजू नका! दोन देश, दोन नियम. आणि लंडनहून डब्लिनला स्वतंत्र तिकिटावर उडणार असाल तर मध्ये एक रात्र ठेवा. पहिलं विमान रखडलं तर दुसरी कंपनी तुमचं काही देणं लागत नाही.

एका ओळीत मात्र शेवटी मुख्य विमानतळच जिंकला. शेजारच्या छोट्या विमानतळावर स्वस्त कंपनीने नवी सेवा सुरू केली आणि काही आठवड्यांत मोठ्याचेही दर उतरले. अमेरिकेत याला ‘साउथवेस्ट इफेक्ट’ म्हणतात, तिथल्या वाहतूक खात्याच्या १९९३ च्या अहवालातला शब्द आहे. तेव्हा छोट्यावर नवा मार्ग जाहीर झाला की लगेच त्याच्या गळ्यात पडू नका, मोठ्यावरही दराचा अलर्ट लावून ठेवा.

ओळ ४२ अर्धवट आहे: अमेरिकेतलं सॅन दिएगो, म्हणजे खरं तर मेक्सिकोतलं तिहुआना. डिसेंबर २०१५ पासून तिहुआना विमानतळाच्या टर्मिनलमधून सीमेपलीकडे थेट पादचारी पूल आहे, फक्त विमानप्रवाशांसाठी. कागदपत्रं दोन्ही देशांची लागतात, ते ठीक. पण पूल ओलांडायलाही तिकीट काढावं लागतं, आणि ते बसच्या रकान्यात टाकावं की विमानाच्या, यावर मी कालपासून अडलेय.