इमारतीचे तोंड कोणीकडे

माझी भाची सांगलीला आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षात शिकते. डिसेंबरच्या सुरुवातीला तिचा फोन आला, की पुढच्या शनिवार-रविवारी ती मुंबईला येणार आहे, मुक्काम आमच्याकडे डोंबिवलीला आणि फिरवण्याची जबाबदारी माझी. अटही तिने लगेच सांगून टाकली. "मामा, गेटवे नको आणि राणीची बागही नको, ते लहानपणी झालंय. मला इमारती बघायच्यात, आणि तुम्ही मुंबईची माणसं निवांत बसता कुठे, तेही बघायचंय." यातल्या दुसऱ्या मागणीने मी गडबडलो. लोकलमध्ये चौथी सीट मिळाली तरी आम्ही तिला बसणे म्हणतो; निवांत हा शब्द त्यात कुठे बसवायचा, हे सव्वीस वर्षे फोर्टात नोकरी करूनही मला चटकन सुचेना.

तरीही होकार दिला आणि रात्री जेवण झाल्यावर एक पाठकोरा कागद घेऊन त्यावर दोन रकाने आखले. डावीकडे इमारती, उजवीकडे बैठकीच्या जागा. डावा रकाना पाच मिनिटांत भरला, उजवाही हळूहळू भरत आला, आणि मग लक्षात आले की हे दोन रकाने एकमेकांच्या जिवावर उठलेले आहेत. फोर्टातली इमारत नीट पाहायची तर रविवार हवा. त्या दिवशी फुटपाथ मोकळे असतात, रस्त्याच्या मधोमध उभे राहून मान वर केली तरी मागून कोणी "ओ भाऊ, चला ना" म्हणत नाही. पण फोर्टातले चहावाले, खानावळी, उडुपी आणि इराणी हे सगळे कचेऱ्यांच्या पोटावर चालतात. कचेरी बंद की त्यातल्या बऱ्याच जणांचे शटर खाली. म्हणजे ज्या दिवशी इमारती मोकळ्या त्या दिवशी बसायला जागा नाही, आणि ज्या दिवशी बसायला जागा त्या दिवशी इमारत दिसत नाही, दिसते ती पुढच्या माणसाची पाठ. त्यात रविवारी मेगाब्लॉक. मध्य रेल्वेवरून येणाऱ्या माणसाला रविवारची सहल ही सकाळी अकराच्या आत किंवा दुपारी चारनंतरच आखावी लागते, हे सांगलीच्या मुलीला समजावून सांगणेसुद्धा कठीण होते.

हा तिढा सोडवताना मला ओव्हल मैदान आठवले. आमची कचेरी त्याच्या अगदी जवळ होती आणि तिथल्या एका खिडकीतून विद्यापीठाच्या इमारतीची मैदानाकडची बाजू दिसायची. सकाळी कामावर आलो की ती काळपट, मंद, जणू अजून अंथरुणातच असल्यासारखी वाटायची. दुपारी चारच्या चहाला मात्र तोच दगड तुपात परतलेल्या रव्याच्या रंगाचा होऊन जाई. इतकी वर्षे मी त्याला चहाचा परिणाम समजत होतो. कागदावर मैदानाचा आयत काढून वर उत्तर असे लिहिले, तेव्हा उलगडा झाला. ओव्हलच्या पूर्वेला विद्यापीठ, राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय उभे आहे. मैदानाकडचे त्यांचे तोंड पश्चिमेला, म्हणून त्यांना उतरते ऊन लागते. मैदानाच्या पश्चिमेला 1930च्या दशकातल्या आर्ट डेको, म्हणजे सरळ रेषांच्या आणि गोल कोपऱ्यांच्या, इमारतींची रांग आहे. तिचे तोंड पूर्वेला, म्हणून तिला सकाळचे ऊन. मधल्या हिरवळीवर एकाच जागी बसायचे, फक्त सकाळ-संध्याकाळ पाठ फिरवायची.

मग रकाने खोडले आणि सगळी आखणी उन्हावर केली. प्रत्येक नावापुढे पूर्वाभिमुख, पश्चिमाभिमुख असे लिहीत गेलो. बायकोने तो कागद पाहिला आणि काळजीच्या सुरात विचारले, की आपल्या घराचे काही वास्तुदोष वगैरे निघाले आहेत का. मी म्हटले, नाही, रिझर्व्ह बँकेपासून हायकोर्टापर्यंतचे काढतो आहे.

शनिवारी सकाळी पहिला मुक्काम जीपीओचा होता, कारण पोस्ट रविवारी बंद आणि ही इमारत आतून पाहिल्याशिवाय अर्धीच कळते. जॉन बेग या वास्तुरचनाकाराची ही इमारत 1913 साली पूर्ण झाली आणि तिचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला आहे. सांगलीच्या शाळांच्या सहली विजापूरला जातातच, त्यामुळे भाचीबाईंनी तो गोलघुमट चौथीतच पाहिला होता. घुमटाखालच्या मोठ्या दालनात शिरताच ती थबकली, वर पाहिले, इकडेतिकडे पाहिले आणि हळूच खाकरली. पुन्हा एकदा, जरा मोठ्याने. घुमटाने काही उत्तर दिले नाही. खिडकीपलीकडच्या पोस्टातल्या गृहस्थांनी मात्र चष्म्यावरून पाहिले आणि घशासाठी खडीसाखर बरी असते, असा सल्ला दिला. नुसते खाकरून निघून जाणे बरे दिसले नसते, म्हणून तिने एक पोस्टकार्ड घेतले आणि तिथल्याच उतरत्या लाकडी टेबलावर आजीला पत्र लिहिले. "गोलघुमट मुंबईला आला आहे. इथे बोलत नाही, फक्त शिक्के मारतो."

त्यानंतर चहा. इथे माझी फजिती झाली. कॉलेजात असताना मी जिथे एका चहावर दोन-दोन तास काढले, तो कोपऱ्यावरचा इराणी मी आदल्या रात्री कागदावर चांदणी काढून लिहिला होता, आणि लोकलमध्ये सव्वा तास त्याचेच वर्णन केले होते. पोहोचलो तर तिथे मोबाइलची कव्हरे विकणारे दुकान. दोन्ही रस्त्यांकडे उघडणारे दोन दरवाजे होते, त्यातला एक भिंत घालून बुजवलेला. भाची बराच वेळ त्या बुजवलेल्या दाराकडेच पाहत राहिली. मी तिला सांगितले, की कोपऱ्याची जागा धंद्याला अशुभ म्हणून इथले दुकानदार घेत नसत आणि ती इराण्यांना मिळे, अशी गोष्ट सांगतात. त्यावर तिने वहीत कोपरा काढून दाखवला. दोन बाजूंनी उजेड, दोन बाजूंनी वारा, आणि रस्त्याच्या वळणावर दुरूनही दिसणारे दार. अशी जागा अशुभ म्हणून सोडणाऱ्यांच्या हिशेबाबद्दल तिचे मत फारसे चांगले दिसले नाही.

शेवटी धोबीतलावला कयानीत गेलो. 1904 साली सुरू झालेला हा इराणी अजून जागेवर आहे, आणि बाहेर पडले की समोर 1938चे मेट्रो सिनेमाघर दिसते, म्हणजे चहा आणि इमारत दोन्ही एका सिग्नलच्या अंतरावर. ब्रून मस्का, मावा केक आणि पाणीकम चहा आला. ब्रून चहात किती वेळ बुडवायचा याचे शास्त्र मी तिला समजावत होतो. जास्त झाला तर तळाशी जातो, कमी झाला तर टाळू सोलतो. तिचे लक्ष मात्र खुर्चीकडे होते. पाठीपासून मागच्या पायापर्यंत एकच काठी वाफेवर वाकवून आणलेली, सांधा असा जवळजवळ नाहीच. ती वितीने मापे घेऊ लागली, तेव्हा टेबल पुसणाऱ्या पोऱ्याने शांतपणे विचारले, "खुर्ची विकत पाहिजे काय?"

तीनच्या पुढे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोरच्या अंगाला येऊन उभे राहिलो, कारण हीसुद्धा पश्चिमेकडे तोंड असलेली. मी आयुष्यात हे स्थानक बाहेरून कधी पाहिले नव्हते असे म्हटले तरी चालेल. कुठल्या डब्यातून उतरले की सबवे जवळ पडतो, हे मला झोपेत विचारले तरी सांगता येईल. पण फाटकाच्या एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ बसला आहे, हे मला भाचीने दाखवले. त्या बदल्यात मी तिला स्टीव्हन्सचे घराणे सांगितले. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने हे स्थानक बांधले, 1887मध्ये ते खुले झाले. समोरची महापालिकेची इमारत 1893ची, तीही त्याचीच. आणि चर्चगेटसमोरची पश्चिम रेल्वेच्या मुख्यालयाची इमारत 1899ची, तीही त्याचीच. पुढच्याच वर्षी तो मुंबईत वारला. त्याचा मुलगा चार्ल्स, त्याने कुलाब्याचे रीगल सिनेमाघर उभारले, 1933 साली, आर्ट डेको पद्धतीचे. वडिलांच्या कामात पशू, पक्षी, पाने, फुले, पावसाचे पाणी तोंडातून ओकणारे दगडी प्राणी, आणि त्यांतले बरेचसे कोरीवकाम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचे; मुलाच्या कामात सरळ रेषा आणि मोकळी भिंत. "घरी वाद झाले असतील," ती म्हणाली. झाले नसतील, मुलाने रीगल बांधले तेव्हा वडिलांना जाऊन तीसहून अधिक वर्षे झाली होती. पण मी ते बोललो नाही, कारण सिंह-वाघ असलेल्या घरात वाढलेल्या मुलाला कधीतरी कोऱ्या भिंतीची ओढ लागली असेल, ही कल्पना मलाही आवडली.

साडेचारला ओव्हल. पाठ पश्चिमेला करून गवतावर बसलो आणि माझ्या ओळखीचा रव्याचा रंग बरोबर वेळेवर चढू लागला. राजाबाई टॉवर 1878मध्ये पूर्ण झाला, उंची सुमारे 85 मीटर. त्याचा आराखडा करणारा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईला कधी आलाच नाही. सगळे लंडनमधून कागदावर. पैसे कापसाचे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि त्या लाटेवर स्वार झालेल्या प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावाने हा मनोरा बांधायला देणगी दिली. 1865मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि प्रेमचंदही बुडाले, तरी मनोरा झाला. सहाच्या सुमारास ऊन आधी कमानींवरून, मग सज्जांवरून आणि सगळ्यात शेवटी त्या मनोऱ्याच्या टोकावरून उतरले. भाचीची पेन्सिल त्या उन्हामागून वर वर सरकत होती, म्हणून तिच्या चित्रात खालचे मजले घाईत आणि वरचे निगुतीने आले आहेत.

रविवारी पहाटेची लोकल पकडून आठच्या आत पुन्हा तिथेच, या वेळी पाठ पूर्वेला. मैदानावर एकाच वेळी इतके क्रिकेटचे सामने चालू होते, की एका सामन्याचा स्लिप हा दुसऱ्याचा मिडऑन होता. पलीकडे बॅकबेच्या भरावावर उभी राहिलेली ती घरांची रांग सकाळच्या उन्हात न्हालेली. विसाव्या शतकातल्या या घरांना आणि पाठीमागच्या एकोणिसाव्या शतकातल्या दगडी पसाऱ्याला युनेस्कोने 2018मध्ये एकत्रच जागतिक वारशाचा मान दिला, हे मला योग्य वाटते. समोरासमोर राहणाऱ्यांचे नाव एकाच रेशनकार्डावर घातल्यासारखे. इथे दगड कोरत बसायचा नाही, सिमेंट-काँक्रीट ओतायचे, म्हणून कोपरे गोल झाले, बाल्कन्या खांबाशिवाय पुढे आल्या. खिडक्यांवरून सलग धावणारे छज्जे जहाजाच्या रेषांसारखे दिसतात खरे, पण त्यांचे मूळ काम उन्हाची तिरीप आणि जूनचा आडवा पाऊस अडवण्याचे. अशा एका छज्जावर कोणाची तरी चादर वाळत होती. राहत्या घरांचा हाच फायदा, की ती कधी स्मारक होऊन बसत नाहीत.

उन्हे तापल्यावर रीगलपर्यंत पायपीट झाली. बॅलार्ड इस्टेट आणि खोताची वाडी कागदावरच राहिली. मरीन ड्राइव्हचे तोंड पश्चिमेला, ते संध्याकाळचे, आणि संध्याकाळ मी दादरला देऊन ठेवली होती. चर्चगेटहून गाडीत बसून दुपार टळताना शिवाजी पार्कला आलो, प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियूष झाले, आणि मग कट्टा. मैदानाभोवती फिरलेली ही बुटकी भिंत बांधणाऱ्याने हद्द दाखवायला बांधली असेल. पण तिची उंची अशी नेमकी, की बसले तर पाय जमिनीला टेकतात आणि उठायची घाई होत नाही. पलीकडे रस्त्याला लागून पुन्हा त्याच जातीच्या गोल बाल्कन्यांच्या जुन्या इमारती, काही शाबूत, काहींच्या जागी काचेचे मनोरे. आमच्या डावीकडे निवृत्त मंडळी गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेवर बोलत होती, उजवीकडे दोन मुले एका इअरफोनवर एकच गाणे ऐकत होती. भाचीने कट्ट्याची उंची वितीने मोजली आणि कयानीतल्या खुर्चीखाली लिहून ठेवली. दोघांत फारसा फरक नव्हता.

ती सोमवारी सकाळी गेली. बुधवारी तिने हरभट रोडवरच्या एका जुन्या इमारतीचा फोटो पाठवला, वर गोल बाल्कनी, खाली कपड्यांचे दुकान, आणि खाली प्रश्न: "मामा, हिचं तोंड दक्षिणेला आहे. आता कधी जाऊ?"

मी पुन्हा पाठकोरा कागद काढला, सूर्य कुठून कुठे जातो ते आखले आणि कळवले, की डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, तेव्हा दिवसभरात केव्हाही जा. समोर चहा कुठे मिळतो, तेवढे आधी बघून ठेव.