वांगाची ट्यूब

आमचं मेडिकल निफाड तालुक्यात, ऐन द्राक्षाच्या पट्ट्यात. सासऱ्यांनी टाकलं, नवऱ्याचं सगळं लक्ष बागेत, म्हणून मग डी. फार्म झालेली सून काउंटरला. काउंटरला बाई असली की बायका न लाजता मागतात, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या म्हणा, खाजेचं मलम म्हणा, आणि आमच्याकडे पॅडच्या खालोखाल जर काही खपत असेल तर ती वांगाची ट्यूब. निदान तेव्हा तरी खपायची.

वांग माहितीये ना, गालावर, कपाळावर, वरच्या ओठावर येतात ते काळपट तपकिरी डाग, डावीकडे असला की उजवीकडे पण तसाच. बाळंतपणात येतात, गर्भनिरोधक गोळ्यांनी येतात, आई-मावशीला असले की आपल्याला येतात, आणि उन्हात राबणाऱ्या बाईला तर काय विचारूच नका. ट्यूबचं नाव लिहीत नाही कारण नाव एक नाहीच, बऱ्याच कंपन्यांच्या येतात आणि आत माल तोच असतो, हायड्रोक्विनोन 2 टक्के, ट्रेटिनॉइन 0.025 टक्के आणि मोमेटासोन 0.1 टक्के. यातलं मोमेटासोन म्हणजे स्टिरॉइड. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही, डिप्लोमाच्या परीक्षेला पाठ करून गेलेली आहे मी. खोक्यावर लाल पट्टी असते, शेड्युल एच लिहिलेलं असतं, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, 2018 ला सरकारने स्टिरॉइडची 14 मलमं शेड्युल एचमध्ये घातली तेव्हा आमच्या मेडिकलवाल्यांच्या ग्रुपवर आठवडाभर तीच चर्चा होती. पण समोरची बाई म्हणते ताई ते वांगाचं मलम दे, आणि आपण देतो. चिठ्ठी कोण मागतंय, आणि आपण नाही दिली तर समोरचा देतो, हे वाक्य मी स्वतःशी किती वेळा बोलले असेन देव जाणे.

तर ही गोष्ट आमच्या मुकादमीणबाईंची. मी त्यांना आक्का म्हणते. सुरगाण्याकडून दरवर्षी द्राक्षाच्या कामाला टोळ्या उतरतात, डिपिंग, थिनिंग, पेपर लावणं, मग शेवटी खुडा म्हणजे द्राक्षं तोडणं, तर आक्कांची टोळी चौदा-पंधरा बायकांची. एकदम बोलकी बाई, हिशेबाला पक्की, टोळीतल्या सगळ्यांची औषधं एकदम घेऊन जायची. पहिल्या वर्षी एक ट्यूब नेली. पंधरा दिवसांनी आल्या त्या चेहरा पुढे करूनच, म्हणे बघ ताई, गेलं की नाही? आणि खरंच गेलेलं होतं हो, डाग पुसट आणि चेहरा असा उजळ की मलाच वाटलं आपण पण लावून बघावी. स्टिरॉइडची गंमत तीच आहे, पहिले पंधरा-वीस दिवस ते जादूच करतं. त्यानंतर सहा-सहा ट्यूबा जायला लागल्या. गावाकडे जाताना पण घेऊन जायच्या. होलसेलरची 10 वर 1 फ्री अशी स्कीम होती, ती आमच्याकडे आक्कांच्या टोळीवरच पूर्ण व्हायची. असं अडीच वर्ष चाललं.

मग एका जानेवारीत ती ट्यूब शॉर्ट झाली. तीन आठवडे माल नाही. दुसऱ्या कंपनीची पण नाही. मी रोज नाही नाही म्हणत होते, आणि फेब्रुवारीत एका दुपारी, खुडा जोरात चाललेला असताना, आक्का एकट्याच आल्या, डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फने बांधलेलं. दुकानात दोन गिऱ्हाईकं होती ती जाईपर्यंत थांबल्या, खोकल्याच्या गोळ्यांच्या बरणीशी चाळा करत. मग स्कार्फ सोडला.

मी काय बघितलं ते सांगते. दोन्ही गाल उकडलेल्या बिटासारखे लाल, त्यावर बारीक लाल रेषांचं जाळं, हनुवटीवर आणि गालावर पिवळ्या तोंडाच्या पुटकुळ्या, कानाजवळ मऊ काळी लव वाढलेली जी आधी नव्हती. आणि वांग? वांग जिथल्या तिथे. उलट आधीपेक्षा गडद, लालवर काळं म्हणजे अजूनच उठून दिसत होतं. हातात ट्यूब होती, तळापासून गुंडाळत गुंडाळत आणलेली आणि शेवटी पोट कात्रीने कापून आतून बोटाने पुसलेली. म्हणाल्या, ताई, चुलीपुढे बसवत नाही, उन्हात तर आग आग होते, तू कुठूनही आण पण ही ट्यूब आण, ही लावली की थांबतं.

लावली की थांबतं. अगदी दारू सोडलेल्या माणसाने बोलावं तसं. मला पोटात कसंतरीच झालं. कारण मला माहीत होतं की होलसेलरकडून सकाळीच पार्सल आलंय, ते माझ्या पायाशी पडलंय, आणि त्यात अकरा ट्यूबा आहेत.

नाही आली म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा माल असून नाही म्हटलं.

नाशिकला स्किनच्या डॉक्टर मॅडमकडे जायचं ठरलं, पण आक्का एकट्या जायला तयार नाहीत. अमावस्येला टोळीला सुट्टी असते, तो दिवस धरला, नवऱ्याला काउंटरला बसवलं आणि आम्ही दोघी एसटीने गेलो. वाटेत त्यांनी मला दोनदा विचारलं की कॅन्सर तर नाही ना. नाही म्हणाले, पण मला तरी कुठे ठाम माहीत होतं.

मॅडमनी आधी नुसतं बघितलं, मग खोलीतला दिवा घालवून वुड्स लॅम्प म्हणतात तो जांभळट उजेडाचा दिवा चेहऱ्यावर धरला. त्या उजेडात जे डाग जास्त ठळक दिसतात ते वरच्या थरातले, जे विशेष बदलत नाहीत ते खोल गेलेले. आक्कांचे दोन्ही प्रकारचे होते. मग कातडीला चिकटवून बघायची छोटी दुर्बीण घेतली. वर्षानुवर्षं हायड्रोक्विनोन लावलं की काहींच्या कातडीत निळसर करडे दाणे बसतात, ऑक्रोनोसिस म्हणतात, ते एकदा बसलं की जाणं महाकठीण, तर ते त्या शोधत होत्या. कपाळ झालं, एक गाल झाला, दुसरा गाल. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभी. शेवटी म्हणाल्या, नाहीये, नशीब समजा.

मग विचारलं, दुसरं काही लावलं होतं का, पार्लरमधलं, बिनालेबलचं, बाहेरून आणलेलं? ते विचारण्यामागचं कारण पण सांगितलं. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींच्या किडन्या अशाच एका क्रीमने बिघडल्या होत्या, पार्लरवालीने दिलेलं क्रीम, मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये तपासलं तर आत पारा निघाला. मी ही बातमी वाचलेली होती आणि वाचून मस्तपैकी पार्लरवालीला शिव्या पण घातल्या होत्या. आक्का म्हणाल्या नाही, फक्त ही ट्यूब. मॅडमनी ट्यूब हातात घेतली, कापलेलं पोट बघितलं.

"किती दिवस?"

"अडीच वरीस."

"कुणी लिहून दिली?"

"कुणी नाय. मेडिकलातून."

"कुठल्या?"

आक्कांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "तिकडं गावाकडं, एक हाय."

मॅडम मग दहा मिनिटं मेडिकलवाल्यांवर बोलल्या. काय काय बोलल्या ते लिहीत नाही, पण एकही शब्द चुकीचा नव्हता. हेच मिश्रण डॉक्टर पण लिहून देतात, पण आठवडे मोजून, आणि पेशंटला परत बोलावून बघतात, अडीच वर्षं सहा-सहाच्या हिशेबाने कुणी देत नाही. मी मान खाली घालून ऐकत होते आणि आक्का शांत बसल्या होत्या, जसं काही तो गावाकडचा मेडिकलवाला खरंच कुठेतरी आहे.

औषधात मला वाटलं होतं काहीतरी भारी डाग घालवणारं देतील. डागांसाठी त्या दिवशी काहीच नाही. ट्यूब बंद, आणि आधी कातडी शांत करायची, त्यासाठी टॅक्रोलिमसचं मलम, ज्यात स्टिरॉइड नसतं, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. काही आठवडे लाली आणि आग अजून वाढेल, तेव्हा परत ट्यूबकडे जायचं नाही, हे तीनदा बजावलं. डागांचं नंतर बघू, अझेलाइक ॲसिड वगैरे. मी मधेच ट्रॅनेक्सामिक ॲसिड विचारलं, पाळीत जास्त जातं तेव्हा आपण 500 ची देतो तीच गोळी, वांगाला 250 ची दिवसातून दोनदा देतात. मॅडमनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं आणि म्हणाल्या, देता येते, पण आधी पायात रक्ताची गुठळी, घरात कुणाला लकवा, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, हे सगळं विचारून. आक्कांच्या गोळ्या चालू होत्या. सरकारी दवाखान्यातल्या. अडीच वर्षांत मी त्यांना एकदाही हे विचारलं नव्हतं.

सनस्क्रीनवर गाडी अडली. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत रेघ ओढायची, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला एका वेळी लागतं, आणि उन्हात काम असेल तर दर दोन-तीन तासांनी परत. त्यात पण साधं नको, रंगाचं पाहिजे, कारण आपल्यासारख्या सावळ्या कातडीत नुसत्या अतिनील किरणांनी नाही तर डोळ्याला दिसतो त्या उजेडानेसुद्धा वांग गडद होतं, आणि तो उजेड अडवायला त्यात आयर्न ऑक्साइड लागतं, रंग त्याचाच असतो. हे मला नवीन होतं. मी लगेच हुशारी केली, म्हटलं मग कॅलामाइन चालेल की, ते पण त्यानेच गुलाबी दिसतं आणि स्वस्त आहे. मॅडम हसल्या, म्हणाल्या रंग त्याचाच, पण ते ऊन किती अडवतं ते कुणी मोजून बाटलीवर लिहिलंय का? तोवर आक्कांचा हिशेब झालेला होता. एवढीशी ट्यूब, दिवसातून तीनदा, म्हणजे पंधरा-सतरा दिवसांत खलास. महिन्याला तीन-चार दिवसांची हजेरी नुसती तोंडाला लावायची? आणि वर घरी विचारतील ते वेगळंच.

इथे मॅडमनी जे केलं ते मी विसरणार नाही. आक्कांचा स्कार्फ मागितला, दोन्ही हातात ताणून ट्यूबलाइटकडे धरला. त्यातून अख्खी ट्यूबलाइट दिसत होती, आणि वर पंखा पण. म्हणाल्या, हा बांधून तुम्हाला वाटतं ऊन लागत नाही. धुळीला ठीक आहे. गडद रंगाचं, घट्ट विणीचं जाड सुती कापड घ्या, आतून रुंद कडेची टोपी, आणि सनस्क्रीन परवडेल तेवढं उघड्या राहणाऱ्या भागाला, नाक आणि गालाची हाडं आधी. आक्का स्कार्फ परत घेऊन बराच वेळ त्यातून खिडकीकडे बघत होत्या.

परत येताना एसटीत मी माफी मागायची तयारी करत होते, वाक्यं जुळवत होते, तर आक्काच म्हणाल्या, तुझं नाव घेतलं असतं तर माझ्या बाकीच्या पोरींना उद्या औषध कुणी उधार दिलं असतं? आणि खिडकीला डोकं टेकवून झोपून गेल्या. माझी वाक्यं तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टोळीतल्या ट्यूब लावणाऱ्या सहा जणी आणून काउंटरसमोर उभ्या केल्या. दोघींची लाली सुरू झालेली. एक तर एकोणीस वर्षांची, तिला वांग नव्हतंच, पिंपल्सचे काळे डाग होते, ते तसेही काही महिन्यांत हळूहळू फिके पडले असते. एक जण ट्यूबवर लिंबू चोळून उन्हात जायची, घरी कुणीतरी सांगितलं होतं, तिच्या गालावर लिंबाच्या रसाचा ओघळ आला तसाच काळा पट्टा उठलेला. जायफळ दुधात उगाळून लावणारी पण एक निघाली, म्हटलं तू त्यातल्या त्यात बरी.

अकरा ट्यूबा मी परत पाठवल्या. सासरे म्हणाले, स्कीमचे पैसे भरलेले आहेत. एवढंच म्हणाले. आता चिठ्ठी दाखवल्याशिवाय देत नाही, आणि खप किती पडला ते विचारू नका, बायका सरळ समोरच्या दुकानात जातात.

आक्कांचे पहिले दीड महिने फार वाईट गेले, रात्री ओला फडका तोंडावर ठेवून झोपायच्या, एकदा भांडून पण गेल्या माझ्याशी. पुढच्या हंगामात आल्या तेव्हा लाली गेलेली, लव कमी झालेली, बारीक रेषा थोड्या आहेत अजून. वांग आहेच, पुसट झालंय, उन्हाळ्यात परत वर येतं. मॅडमनी ते आधीच सांगितलं होतं, हे जात नाही, दबून राहतं.

गेल्या आठवड्यात त्या दुकानात असतानाच एक नवीन लग्न झालेली मुलगी आली, हळू आवाजात म्हणाली, ती वांगाची ट्यूब. मी चिठ्ठी विचारली. ती गप्प. आक्कांनी आपणहून स्कार्फ सोडला, निळा जाड सुती, आणि दोन्ही गाल तिच्यापुढे केले, म्हणाल्या, हे बघ, अडीच वरीस लावली मी. मुलीने बघितलं, हो म्हणाली, आणि रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेली.

आक्का स्कार्फ परत बांधत म्हणाल्या, "मरू दे. मला दोन ओआरएस दे, लवकर, टेम्पो उभा हाय."