मावशींची कवळी का टिकत नव्हती

तालुक्याच्या गावात माझा दातांचा दवाखाना आहे. मागच्या पावसाळ्यात सत्तरीच्या एक मावशी सुनेला घेऊन आल्या, खालची कवळी टिकत नाही म्हणून, दुसरीकडे दोनदा करून घेतली तरी तेच. सून वैतागलेली. म्हणे दिवसभर काहीतरी चघळल्यासारखं तोंड करतात, चारचौघांत कसंतरीच वाटतं, किती सांगितलं तरी ऐकत नाहीत. मावशी म्हणाल्या, मी काहीच करत नाही गं, ही उगाच बोलते.

सैल कवळीनेही तोंड असं हलतं म्हणून आधी कवळी काढून ठेवली. तरी थांबेना, जीभ आतल्या आत फिरतेय, मधेच बाहेर येऊन आत जातेय, ओठांचा चंबू होऊन परत सुटतोय. जीभ बाहेर काढून धरा म्हटलं तर धरता येईना. मग अंगठा एकेका बोटाला पटापट टेकवायला लावला, लक्ष तिकडे गेलं आणि तोंडाची हालचाल चक्क वाढली. झोपेत मात्र सगळं शांत असतं, असं सून म्हणाली.

गोळ्या काय चालू आहेत विचारलं तर पिशवीतून निघाल्या हॅलोपेरिडॉल आणि ट्रायहेक्सीफेनिडिल. ऐन तिशीत भास व्हायचे तेव्हापासूनच्या, आणि गेली कित्येक वर्षं तीच जुनी चिठ्ठी मेडिकलवाल्याला दाखवून आणतायत, मधे कुणी तपासलंच नाही! याचा मला फार राग आला. हा टार्डिव्ह डिस्कायनेशिया, म्हणजे तोंड-जीभ आपोआप हलत राहण्याचा त्रास, डोपामिन हे मेंदूतलं रसायन अडवणारी हॅलोपेरिडॉलसारखी औषधं महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं घेतल्यावर होणारा, आणि उतारवयातल्या बायकांना त्याचा धोका जास्त. ट्रायहेक्सीफेनिडिल हातापायांच्या कडकपणाला चालतं, इथे उलट त्रास वाढवू शकतं. मानसोपचारात 1976 पासून एम्स (AIMS, हॉस्पिटलवालं एम्स नव्हे) नावाची तपासणी आहे या हालचालींसाठी, त्यात दात-कवळीबद्दलही विचारतात. पाच-दहा मिनिटांचं काम आहे हो.

सून रडवेली झाली, आजपासून गोळ्या बंदच करते म्हणाली. म्हटलं ताई, तसं अजिबात करू नका, एकदम बंद केल्या तर हालचाली भडकतील आणि भासही परत येतील. जिल्ह्याच्या मानसोपचारतज्ज्ञांना चिठ्ठी दिली, सगळं सविस्तर लिहून. त्यांनी ट्रायहेक्सी हळूहळू काढली, हॅलोपेरिडॉल कमी करत करत क्वेटियापिन या भासांवरच्याच दुसऱ्या औषधावर आणलं, आणि हालचाली कमी करणारं टेट्राबेनाझिन अगदी थोड्या डोसने सुरू केलं, त्याने मन उदास होऊ शकतं म्हणून सुनेला लक्ष ठेवायला सांगितलंय.

हालचाल पूर्ण गेली नाही, कमी झालीये. जीभ आणि गाल दोन्हीकडून ढकलतात तिथे मधल्या जागेत दात बसवून मी खालची कवळी नव्याने केली. जेवताना टिकते, जास्त बोलल्या की अजून सुटते.