एवढ्या लांब गेलात, मग सांगलीला का नाही आलात?

पहिल्यांदा विचारलं मावशीने. मग आतेबहिणीने, मग सासरच्या शेजारच्या काकूंनी सासूबाईंच्या मार्फत. इथे हॅम्बुर्गमध्ये मराठी मंडळींचा पाडवा होता, तिथे पानात श्रीखंड वाढता वाढता एका ताईंनीही तेच विचारलं, आणि मग ठरवलं की आता एकदाच लिहून टाकावं. प्रश्न असा: "सात महिन्यांची पोर घेऊन पाच तास विमानात बसून कॅनरी बेटांवर गेलात, मग अजून थोडं बसून घरी का नाही आलात?"

त्यातल्या "अजून थोडं"पासून सुरुवात करते. हॅम्बुर्गहून मुंबईला थेट विमान नाही. मध्ये कुठेतरी उतरायचं, बाळ, बाळाची गाडी, बाळाची पिशवी आणि बाळाचा बाप सांभाळत दुसरं विमान गाठायचं. मुंबईला उतरलं की डोंबिवलीला सासर, तिथे दोन-चार दिवस राहिल्याशिवाय पुढे हलता येत नाही. मग सांगलीचा रस्ता सात-आठ तासांचा. आठवड्याच्या सुट्टीत हे करून परत कामावर हजर व्हायचं, हे ज्यांना थोडं वाटतं त्यांनी एकदा करून दाखवावं.

आणि सुट्टी आठवड्याचीच होती. जर्मनीत बापालाही पालकरजा मिळते, ओळखीतले बहुतेक देशी लोक ती भारतवारीलाच वापरतात, हे मलाही माहीत आहे. नवऱ्याने एक महिना जन्माच्या वेळी घेतला. दुसरा गणपतीसाठी राखून ठेवला आहे, आणि ते घरी सगळ्यांना पहिल्यापासून सांगितलंय. तेव्हा "भारतात यायचं नाव नको" वगैरे जे काही माझ्याबद्दल बोललं गेलं, ते मला पोचलंय एवढंच सांगते.

इथपर्यंतचं उत्तर मी सगळ्यांना देते. ते खरं आहे. पण तेवढंच असतं तर लिहायला बसले नसते.

हॅम्बुर्गचा हिवाळा ज्यांनी काढला नाही त्यांना थंडी म्हटलं की स्वेटर आठवतो. थंडीचं काही नाही हो, अंधाराचं आहे. डिसेंबरात साडेआठला उजाडतं, चारला मावळतं, आणि मधल्या वेळातही आभाळ राखाडी. त्यात बाळाला बाहेर काढायचं म्हणजे आतले कपडे, वरचे कपडे, त्यावर तो फुगीर अंगभर झगा, मोजे, टोपी. सगळं चढवून दाराशी यावं आणि तिने शी करावी. मग सगळं उतरवा. दुसऱ्यांदा चढवेपर्यंत बाहेर दिवे लागलेले. व्हिटॅमिन डीची मात्रा इथे बाळांना पहिलं वर्षभर रोज द्यायला सांगतात. मी ती तिला देताना मनात म्हणायचे, मलाही दे कोणीतरी. जानेवारीत एकदा दुपारी साडेतीनला दिवा लावला आणि उगाचच रडत बसले. नवरा घरी आला तेव्हा मी एवढंच म्हणाले, "मला कुठेतरी ऊन असेल तिथे ने."

कॅनरी बेटांपैकी ग्रान कनारियाचं ठरलं त्यात काही काव्य नाही. बेट स्पेनचं, म्हणजे व्हिसाची भानगड नाही. अक्षांश साधारण दिल्लीचं, पण सगळीकडून अटलांटिक, त्यामुळे फेब्रुवारीतही दिवसा वीस-बावीस अंश. एकच विमान, घड्याळाचा फरक एक तासाचा, म्हणजे बाळाची झोप मोडत नाही. मांडीवर बसवून विमानातल्या लोकांनी तिला माझ्या पट्ट्याला जोडलेला छोटा पट्टा लावला आणि ती बहुतेक वाटभर झोपली. बेटावरच्या मास्पालोमास गावात स्वयंपाकघर असलेली खोली घेतली होती. तांदूळ, मूगडाळ आणि तुपाची छोटी बरणी बरोबर होती, त्यामुळे मऊ भाताची अडचण पडली नाही.

गंमत पुढे आहे. बाळांना पहिल्या वर्षात थेट उन्हात धरू नका, असं जर्मनीत डॉक्टर बजावून सांगतात. म्हणजे उन्हासाठी एवढे पैसे मोजून गेलो आणि दिवसभर छत्री सरकवत सावलीमागे फिरत बसलो. आई इथे होती तेव्हा खिडकीतून सकाळचं कोवळं ऊन आलं की तिला तेल चोळून तिथे धरायची. मी पुस्तकं वाचून हुज्जत घालायचे. हिवाळाभर बर्फात पाय नको म्हणून तिथे येऊन राहणाऱ्या जर्मन आज्या समुद्रकाठी पोत्याने. त्यातली प्रत्येक आजी थांबून विचारणार, "टोपी कुठंय बाळाची?" हॅम्बुर्गच्या बसमध्ये भर ऑगस्टात मला हे विचारलेलं आहे. आपल्या आज्यांपासून चार दिवस सुट्टी घ्यायला गेले आणि दुसऱ्यांच्या आज्यांच्या ताब्यात सापडले. पण त्यांना "हो, घालते" म्हणून पुढे जाता येतं, रात्री त्याच घरात जेवायचं नसतं, हाही फरक आहे.

पहिले दिवस चांगले गेले. खरंच चांगले. तिने वाळूत हात घातला, वाळू खाल्ली, तोंड वेडंवाकडं केलं, पुन्हा खाल्ली. नवरा आणि मी कितीतरी महिन्यांनी एकमेकांशी बाळाच्या झोपेशिवाय दुसऱ्या विषयावर बोललो.

मग कालिमा आली. सहाऱ्याकडून कोरडा वारा धूळ घेऊन येतो, त्याला तिथे कालिमा म्हणतात. सकाळी उठलो तर समोरचा डोंगर नाहीसा. आभाळ हळदीच्या पाण्यासारखं, हवा गरम, गॅलरीतल्या टेबलावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी माती. दारं-खिडक्या लावून दिवसभर आत बसलो. संध्याकाळी तिने भात काढून टाकला. मला वाटलं, उकाडा असेल. रात्री अंगावरचं दूधही ओकली, मग जुलाब, मग पुन्हा उलटी. धुळीचा आणि पोटाचा काही संबंध नव्हता असं नंतर कळलं, पोटाचा साधा संसर्ग होता. पण त्या रात्री बाहेर पिवळा काळोख आणि आत हे, दोन्ही एकच वाटत होतं. नवरा मोबाइलवर रात्रीचं औषधांचं दुकान शोधत होता. मी तिला छातीशी धरून खोलीत फेऱ्या मारत होते. मध्येच ती रडायची थांबली आणि नुसती बघत राहिली. ती थांबली ते मला जास्त लागलं.

एक वाजला होता. सांगलीत साडेसहा. मी आईला व्हिडिओ कॉल केला.

आई ओट्याशी होती, चहा ठेवत होती. माझं तोंड बघून तिने गॅस बंद केला. तिचं पहिलं वाक्य, "आधी रडणं थांबव. तिचं नाही, तुझं." मग एकेक विचारत गेली. टाळू बघ, खोल गेलीय का? तोंडात बोट घाल, जीभ ओली आहे का? रडताना डोळ्यांत पाणी येतंय का? शेवटचं लंगोट ओलं कधी निघालं? मी प्रत्येक गोष्ट मोबाइलच्या उजेडात बघायची आणि सांगायची. जीभ ओली होती. लंगोट नऊच्या सुमाराला ओलं निघालं होतं. "मग घाबरू नकोस. जलसंजीवनी आणायला कोण गेलंय? चमच्याने द्यायची. एक चमचा, थांबायचं, परत एक चमचा. बाटलीने घटाघट दिलीस की परत काढेल. आणि अंगावरचं बंद करायचं नाही."

नवरा रात्रपाळीच्या दुकानातून तयार द्रावणाचा डबा घेऊन आला. मी चमचा भरायचे, आई पलीकडून घड्याळ बघायची. "आता दे. थांब. आता दे." मध्ये तिने एकदा सगळं बाहेर काढलं तेव्हा माझे हात थरथरायला लागले. आई म्हणाली, "दहा मिनिटं थांब, मग पहिल्यापासून." दहा मिनिटं आम्ही दोघी काही न बोलता एकमेकींकडे बघत बसलो. तिकडे दूधवाला आला, धुण्याच्या मावशी आल्या, कोणीतरी बेल वाजवली, बाबा दार उघडायला गेले. आई हलली नाही. पलीकडच्या खिडकीत ऊन आलं होतं, ते फोनमध्ये दिसत होतं.

दीडेक तासाने लंगोट ओलं निघालं. एवढा आनंद मला दहावीच्या निकालाला झाला नव्हता.

सकाळी तिथल्या आरोग्य केंद्रात गेलो. जर्मन विमा कार्डाच्या मागच्या बाजूला युरोपभर चालणारं कार्ड असतं, ते दाखवून काम झालं. डॉक्टरने वजन केलं, टाळू बघितली, जीभ बघितली, आणि मोडक्या इंग्रजीत जे सांगितलं त्यात आईच्या सांगण्याबाहेरचं काही नव्हतं.

आता जे सांगायचंय ते. त्या दीड तासात मी एका वाक्याची वाट बघत होते. "तरी मी म्हणत होते." त्याला माझं उत्तर तयार होतं. बाळं सांगलीतही आजारी पडतात, कोकणात नेलेली पडतात, घरात ठेवलेली पडतात. हे सगळं मी तोंडात धरून बसले होते. आई ते वाक्य बोललीच नाही. त्या रात्री नाही, नंतरही नाही. तयार उत्तर तसंच राहिलं, आणि ते मी आता तुम्हा सगळ्यांना देत सुटले आहे, हेही मला कळतं.

पोर झोपल्यावर बाबांनी फोन हातात घेतला. बाबांनी तिला अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. बाळंतपणाला आई एकटीच आली होती, त्यांना गुडघ्यांमुळे जमलं नाही. झोपलेल्या पोरीकडे बघत ते म्हणाले, "रांगते का गं आता?"

म्हटलं, "हो, सरकते पुढं."

"म्हणजे गणपतीला येईल तेव्हा चालतच येईल की."

बाबा टोमणा मारत नाहीत. मारला असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते.

तर, का नाही आले. आई इथे नव्वद दिवस होती, व्हिसा तेवढाच मिळतो. डिंकाचे लाडू, धुरी, शेक, रात्रीचं जागरण, सगळं तिने केलं, दोन खोल्यांच्या घरात, जिन्याने चढ-उतार करून. मी तिचे उपकार फेडू शकत नाही हे लिहितानाही मला थोडा राग येतो, बघा. कारण त्या नव्वद दिवसांत पोर रडली की आई तिला माझ्या हातातून घ्यायची आणि पोर गप्प व्हायची. दरवेळी. मग मी रिकामे हात घेऊन स्वयंपाकघरात जायचे आणि नको असलेली भांडी घासायचे. आई गेली तेव्हा विमानतळावर मी ढसाढसा रडले, आणि घरी येऊन कोणी बघत नसताना बाळाला मांडीवर घेऊन दार लावून बसले. दोन्ही खरं.

सांगलीला आले असते तर ते दहा हातांनी झालं असतं. बाळघुटी द्यायची की नाही यावर दोन खोल्यांत दोन मतं. जोतिबाला पाया पडायला न्यायचं कधी. सर्दी झालेल्या पाहुण्यांनी गालगुच्चे घेतलेले. दृष्ट काढताना मिरच्यांचा ठसका. त्यातलं अर्धं मला आवडतंही. आणि ती उलटीची रात्र सांगलीत आली असती तर मी निदान तीन तास झोपले असते, हे मला कोणी सांगायला नको.

नोव्हेंबरमध्ये आईला मी एक मेसेज केला होता. "फेब्रुवारीत आम्हाला एकदा तिघांनाच कुठेतरी राहायचंय." आईने त्याला अंगठा पाठवला. तो मेसेज मी परवा पुन्हा वाचला. लिहिणाऱ्या बाईला म्हणावंसं वाटलं, काय गं, तिघांनाच? रात्री एक वाजता चौथीला उठवलंस ना? ती म्हणते, उठवलं नाही, ती उठलेलीच होती. आणि ती फोनमध्ये होती, खोलीत नव्हती. चमचा माझ्या हातात होता.

याच्यावर मला अजून काही सुचलेलं नाही.

गणपतीची तिकिटं काढून झाली. दीड दिवस डोंबिवली, मग सरळ सांगली, आणि यावेळी जास्त दिवस सांगलीत, सासूबाईंशी बोलून घेतलंय. राहिलं पुढच्या फेब्रुवारीचं. तेव्हा ती एकोणीस महिन्यांची असेल, म्हणजे दोनच्या आतली, मांडीवरच्या तिकिटात बसणारी, एवढं मी पाहून ठेवलंय. आईला अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.