कम्प्युटर आला, मग कागद वाचला का?

"मॅडम, तुमच्या वर्गात सगळं कम्प्युटरवर चालतं, म्हणजे कागद बंदच झाला असेल ना?" पालक विचारतात, नव्याने रुजू झालेले शिक्षकही विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून खरं ते सांगते. पहिली दोन वर्षं आमचा कागद वाढला होता.

पूर्वी निबंध हाताने लिहून यायचा. खाडाखोड असायची, वाक्यं बाणांनी इकडची तिकडे नेलेली असायची, पण प्रत एकच. कम्प्युटर आल्यावर मुलं टाइप करून प्रिंट आणू लागली. मी त्यावर लाल पेन चालवायचे आणि दुसऱ्या दिवशी कोरी करकरीत नवी प्रिंट हजर! एका मुलाचा बावीस पानी प्रकल्प अजून आठवतो. पान क्रमांक मुखपृष्ठापासून सुरू झाले म्हणून त्याने तो अख्खा पुन्हा छापला. मग डावीकडचा समास कमी पडला, शिलाईत अक्षरं जायला लागली, पुन्हा छापला. तिसऱ्यांदा कशासाठी, तर शीर्षकातली एक वेलांटी. हाताने लिहिलेलं असतं तर व्हाइटनरवर भागलं असतं.

'पेपरलेस ऑफिस'ची भाकितं १९७५ पासून ऐकू येत होती. पुढची पंचवीसेक वर्षं कार्यालयांतला कागद मात्र वाढतच गेला. बटण दाबलं की छापून येतं म्हटल्यावर हात कशाला आखडेल? आमच्या वर्गातही तेच झालं.

मग मी हिशोब मांडला. नेहमीच्या ८० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणाऱ्या) एका ए-फोर कागदाचं वजन ५ ग्रॅम, म्हणजे ५०० कागदांची रीम अडीच किलोची. साठ मुलांची चार पानी चाचणी एकपाठी छापली तर २४० कागद, सव्वा किलोच्या आसपास. पाठपोट छापली की निम्मे. आमची पहिली मोठी बचत या पाठपोटनेच झाली. त्यात कम्प्युटरचा वाटा प्रिंटरच्या सेटिंगमधल्या एका खुणेएवढा!

खरा फरक पडला तो कच्चे मसुदे छापणं बंद केल्यावर. आता निबंध सामायिक फाइलमध्ये लिहायचा, मी बाजूला शेरे देते, मूल तिथेच दुरुस्ती करतं. जुन्या आवृत्त्या उघडून पाहता येतात, त्यामुळे कुणी कोणतं चांगलं वाक्य घाबरून खोडलं तेही मला कळतं. लाल पेनाच्या काळात हे कधी दिसलं नव्हतं. सराव चाचण्याही स्क्रीनवरच होतात. प्रश्नात माझीच चूक निघाली तर जागच्या जागी सुधारते, साठ प्रती रद्दीत जात नाहीत.

गणित आणि भूमितीच्या आकृत्या मात्र कागदावरच. माउसने कोन काढताना मुलाचं लक्ष कोनावर कमी आणि माउसवर जास्त असतं. माहितीपर मोठा उताराही मी छापूनच देते. ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात माहितीपर मजकूर आणि ठरावीक वेळेत केलेलं वाचन कागदावर जास्त चांगलं समजतं, असं आढळलं. गोष्टींच्या बाबतीत तसा फरक दिसला नाही. म्हणून गोष्टी स्क्रीनवर.

कागद वाचवण्यासाठी नवे टॅबलेट घेऊ या, असं कुणी सुचवलं की मी नको म्हणते. अशा यंत्राच्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा भाग ते बनतानाच होऊन गेलेला असतो, आपण चालू करण्याआधीच. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि रीतसर पुनर्वापराला गेल्याची नोंद त्यातल्या पावभागाचीही नाही. आहेत ते जुने कम्प्युटर कुरकुरत का होईना, चालतायत.

प्रिंटरशेजारी पाठकोऱ्या कागदांचं एक खोकं ठेवलंय, कच्च्या आकडेमोडीसाठी. पूर्वी ते ओसंडून वाहायचं, हल्ली बहुतेक वेळा रिकामंच असतं. परवा एकाने तक्रार केली, "पाठकोरे संपलेत, नवी रीम फोडू का?" म्हटलं, फळा मोकळा आहे, खडू घे.