नावं गेली, अंगठे राहिले

3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, तेव्हा अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटातल्या एका घराचे पत्रे उडाले. माळ्यावर एक लोखंडी पेटी होती. तिच्यात पाणी शिरलं. घरच्यांनी आधी तांदूळ वाचवला, मग अंथरुणं, मग माणसांची औषधं. पेटीची आठवण झाली तोवर आतल्या वहीची वीट झाली होती. ती वीट बरीच वर्षं तशीच पडून होती आणि यंदाच्या जुलैत ती पुण्यात, सदाशिव पेठेतल्या आमच्या छोट्या संस्थेत आली.

आमचं काम दोन प्रकारचं. जुने कागद दुरुस्त करायचे आणि मोडी वाचायची. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना बरे दिवस आलेत, हे खरं. पण त्यामुळे येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस कागदात एकच शब्द शोधत येतो. तो सापडला की बाकीच्या पानांकडे बघतही नाही. तोही बरोबर असतो म्हणा, त्याला त्या शब्दाची गरज असते.

वही घेऊन आलेला पुतण्या चाकणला नोकरीला होता. त्यालाही एक शब्द हवा होता, पण जातीचा नाही, जमिनीचा. गावात भूसंपादनाची नोटीस लागली होती. त्याच्या काकांनी सांगितलं होतं, की पेटीतल्या वहीत आपल्या शेताची नोंद आहे. वही तो ठेवून गेला होता, आणि ज्या दिवसाबद्दल लिहितेय त्या दिवशी काकांना सोबत घेऊन आला. काका ऐंशीच्या पुढचे. पांढरा सदरा, हातात छत्री. जिना चढून आल्यावर पाणी घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, उघरली का?"

निम्मी उघडली होती. चिकटलेली पानं ओढून काढता येत नाहीत. आम्ही वही बंद पेटीत दमट हवेत ठेवतो, कागद मऊ पडला की बांबूच्या पातळ पट्टीने एकेक पान सोडवतो आणि मध्ये टिपकागद घालतो. खाडीकाठच्या कागदाची एक वेगळी कटकट असते. त्यात मीठ मुरलेलं असतं आणि मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. त्यामुळे पुण्यातल्या मे महिन्यातसुद्धा असा कागद हाताला ओलसर लागतो आणि बुरशी पुन्हा पुन्हा डोकं वर काढते. त्यात ही वही 1930 नंतरची, गिरणीच्या स्वस्त कागदाची. माझं स्पष्ट मत आहे, की पुराभिलेखागारातल्या पेशवे दफ्तरातला अडीचशे वर्षांपूर्वीचा हातकागद या वहीपेक्षा तरुण दिसतो.

वही जमिनीची नव्हतीच. बांधाची होती.

खारेपाट ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. अलिबाग आणि पेणच्या मधला हा सखल भाग. खाडीचं पाणी बांध घालून अडवायचं, आतल्या खाजणात गोडं पाणी साठवून जमिनीतला खार उतरवायचा आणि भात घ्यायचं. बांधाला उघाड्या असतात. ओहोटीला त्यातून पावसाचं पाणी बाहेर जातं, भरतीला दार बंद होतं. बांधाला खांड पडली की एका उधाणात सगळ्या गावाचं शेत खारं होतं. म्हणून बांध राखणं एकट्यादुकट्याचं काम नव्हतं. ज्याचं शेत जेवढं, तेवढे हात बांध त्याच्या वाट्याला, आणि मोठी खांड पडली की घरटी माणूस. काका याला 'जोळ' म्हणत होते. पुढे स्वातंत्र्यानंतर सरकारने खारबंदिस्ती हाती घेतली आणि ही व्यवस्था हळूहळू सुटत गेली.

तर वहीत रकाने होते: नाव, किती हात बांध, माणसं किती दिली, तिथी, निशाणी. सुरुवातीच्या पानावर शके 1855, म्हणजे 1933 साल. आकडे आणि तिथ्या टाकाने, निळ्या-काळ्या शाईत. ती शाई पाण्याला पुरून उरली. अंगठे कसल्याशा तेलकट काळ्या शाईत उठवलेले. त्यांच्या रेघा भिंगाखाली आजही मोजता येतील. पण नावं कुणीतरी कॉपिंग पेन्सिलीने लिहिली होती. ही पेन्सिल कोरडी असताना करडी दिसते आणि पाणी लागलं की जांभळी होऊन फुटते. पहिल्या चार पानांवर नावांचा रकाना म्हणजे नुसता जांभळा ढग होता. बोट ठेवावं तिथे अंगठा आहे, त्याच्यासमोर बांधाचे हात आहेत, माणसं आहेत, तिथी आहे. माणूस कोण, ते नाही. पाचव्या पानापासून पुढच्या वर्षाची यादी सुरू होत होती आणि तिथे नावंही शाईत होती.

मी पान काकांपुढे सरकवलं. ते वाकून बघत राहिले. मोडी त्यांना येत नव्हती, पण आकडे ओळखू आले. मग म्हणाले, "ही यादी घरांची नाय. बांदाची हाय. उघारीपासून मोजा." आणि त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवून एका बाईचं नाव घेतलं. विधवा होती, उघाडीच्या अंगाला तिचा लहानसा तुकडा. "सात हात."

ओळीत सात लिहिलेलं होतं.

माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करते. पण पुढच्याच क्षणी मी पान उलटं केलं. काकांना आकडे दिसत होते, आणि समोर आकडा दिसला की स्मरण त्या आकड्याकडे झुकतं; यात कुणाची लबाडी नसते. मी रेकॉर्डर आणवला, आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीला लिहायला बसवलं आणि काकांना म्हटलं, "आता वही विसरा. उघाडीवर उभे राहा आणि खाडीच्या टोकापर्यंत चालत जा. कुणाकुणाचा बांध लागतो ते सांगत जा."

ते चालत गेले. डोळे मिटलेले, उजवा हात मांडीवर सरकतोय. नावामागून नाव. मध्येच थांबून म्हणायचे, इथे बांध वळतो. इथे खांड पडलेली, बाप सांगायचा. इथे चिंबोऱ्या मिळतात. चिंबोऱ्यांवर बराच वेळ गेला आणि मी तो जाऊ दिला. रेकॉर्डिंगमध्ये तो भाग तसाच आहे.

नंतर त्यांची यादी पाचव्या पानाच्या शाईतल्या यादीशी ताडून पाहिली. क्रम जुळत होता. दोन ठिकाणी नावं वेगळी होती. काका म्हणाले, ती शेतं मागाहून हातबदल झालेली. हे पटण्यासारखं होतं, कारण त्यांचं स्वतःचं पाहणं 1950 नंतरचं, त्याआधीचं वडिलांकडून ऐकलेलं. आणि एक घर त्यांनी गाळलं होतं. पाचव्या पानावर ते स्पष्ट होतं, बऱ्यापैकी लांब बांध असलेलं. मी विचारलं. काका छत्रीच्या मुठीशी खेळत राहिले. पुतण्या म्हणाला, "त्यांच्याशी आमचं जायचं-यायचं नाही." मी पुढे विचारलं नाही. नोंदीत लिहिलं: सांगणाऱ्याने हे नाव घेतलं नाही.

खोताची, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराची, नोंद मात्र मला अजून छळते. नावं वाचता येतात त्यातल्या सुरुवातीच्या पानांवर त्याच्या वाट्याची माणसं लिहिलेली आहेत, नंतर त्याच्यासमोरचा माणसांचा रकाना रिकामा. याच काळात, 1933 ते 1939, चरी आणि आजूबाजूच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने खोतांची शेती न कसण्याचा संप केला होता. दोन्ही गोष्टी जोडायचा मोह कुणालाही होईल. पण वही कारण सांगत नाही. रकाना रिकामा आहे, एवढंच मी लिहिलं.

पुतण्याला यातलं काहीच नको होतं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, मग या चार पानांवर नावं घालून आम्हाला तुमच्या लेटरहेडवर द्याल ना? शिक्का लागेल."

"पाचव्या पानापासूनचं लिप्यंतर देईन. पहिल्या चार पानांवर नावांच्या जागी 'वाचता येत नाही' असंच येईल."

"पण काकांनी सांगितली की नावं."

"ती काकांची साक्ष. वेगळ्या कागदावर, त्यांच्या नावाने, तारखेसह. वहीत ती घुसडता येणार नाही."

तो चिडला आणि त्याचं चिडणं मला समजत होतं. कोकणात जुना कागद म्हणजे आधी कोर्ट आणि मग जमलंच तर इतिहास. 1 एप्रिल 1957 ला कायद्याने कसणारी कुळं जमिनीची मालक झाली, पण कूळ म्हणून नाव लागायला पुरावा लागायचा, आणि ज्यांच्याकडे तो नव्हता त्यांचं काय झालं याच्या गोष्टी घरोघर आहेत. अशा घरातल्या मुलाला कंस आणि टीपा शिकवणारी मी कोण? तरीही शिक्का दिला नाही. त्या चार पानांवर इतर घरांचेही अंगठे आहेत. आज मी एकाच्या सांगण्यावरून नावं भरली, तर उद्या गाळलेल्या घरातलं कुणी येऊन मला काय विचारेल, ते दिसत होतं.

मूळ वही कुठे राहणार, यावर काका ठाम होते. वही त्यांच्या घरची नाही, बांधाची आहे. वडील हिशेब ठेवायचे म्हणून घरात राहिली. ती गावात परत जाणार. मी माझ्या परीने सांगून पाहिलं: खारी हवा, बुरशी, पुन्हा वादळ. पुण्याची हवा कोरडी आहे हे सांगताना मला 12 जुलै 1961 आठवत होतं. पानशेतच्या पुरात याच शहरातल्या किती वाड्यांमधले कागद गेले! तेव्हा तो मुद्दा फार ताणला नाही. आंग्र्यांचं दफ्तर आज पुण्यात आहे म्हणून अभ्यासकांना वाचता येतं. त्यात आरमार, किल्ले, जकात शोधता येते. पण कुणाच्या विधवेने सात हात बांध राखला, हे कुठल्याही सरकारला लिहून ठेवायचं कारण नव्हतं. ते बांधाच्याच वहीत असणार, आणि अशा वह्या गावोगावच्या माळ्यांवर आहेत. त्या सगळ्या उचलून पुण्याला आणायच्या म्हटल्या तर कुणी देणार नाही, आणि देऊ नयेत असंच आता मला वाटतं. ठरलं ते असं: प्रत्येक पानाची प्रतिमा आमच्याकडे आणि गावच्या शाळेत, काकांचं रेकॉर्डिंग दोन्हीकडे, आणि वही आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेटीत घालून परत. माळ्यावर नाही, पत्र्याखाली नाही, भिंतीला टेकवून नाही.

पुतण्या शिक्क्याविना गेला. पुन्हा येणार नाही असं वाटलं होतं. पण पुढच्या मोठ्या पावसात रात्री त्याचा फोन आला. शेजारच्या घरात आणखी एक वही निघाली होती, छप्पर गळून नुकतीच भिजलेली. उन्हात वाळवू का?

"अजिबात नको. उघडूही नका. दोन दिवसांत बुरशी धरेल, त्याआधी गोठवायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि फ्रीझरमध्ये ठेवा. फ्रीझर आहे ना?"

"आहे, पण त्यात जिताडं आहे. अख्खं."

"मग आज जिताडं खा," मी म्हटलं.