मालकाचं नाव नसलेला कागद

जपानातल्या ओकायामाहून आको मार्गाची लोकल धरली की तासाभराच्या आत ओसाफुने येतं. स्टेशन लहानसं, बाहेर भातखाचरं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. या गावात कधीकाळी शेकडो लोहार तलवारी घडवत होते हे सांगूनही खरं वाटत नाही. जपानमध्ये 'राष्ट्रीय ठेवा' ठरलेल्या १११ तलवारी-पात्यांपैकी ४७ या जुन्या बिझेन प्रांतातल्या आहेत. चुगोकूच्या डोंगरातलं लोखंड, ते वाहून आणायला योशिई नदी आणि जवळून जाणारा हमरस्ता, सगळं जुळून आलं होतं. पुढे सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याच नदीच्या पुराने लोहारवाडी धुऊन नेली.

इथलं तलवार-संग्रहालय पाहताना माझी पहिली दहा मिनिटं वाया गेली म्हणायला हरकत नाही. आपल्याकडे तलवार म्हटली की मूठ, म्यान, भिंतीवर पंख्यासारखी मांडणी. इथे पांढऱ्या कापडावर एकटं नागडं पातं. मूठ नाही, म्यान नाही, मुठीत जाणारा गंजलेला भागही उघडा. तो गंज कुणी पुसत नाही, कारण पात्याचं वय जाणकार त्याच्या रंगावरूनही ठरवतात, आणि लोहाराची सही त्याच भागावर असते.

मग शेजारच्या एका बाईंकडे पाहिलं. त्या काचेसमोर गुडघ्यात वाकत होत्या, थोड्या उठत होत्या, पुन्हा वाकत होत्या. मीही तसंच केलं आणि दिव्याचा प्रकाश पात्यावरून सरकताना धारेलगत दुधाळ रेघ उमटली. तिला हामोन म्हणतात. पाणी द्यायच्या आधी पात्यावर माती लिंपतात, धारेकडे पातळ, पाठीकडे जाड. तापलेलं पातं पाण्यात गेलं की धार झटकन निवते आणि कडक होते, पाठ सावकाश निवते आणि चिवट राहते. दोन्हींच्या सीमेवर ही रेघ. बिझेनच्या लोहारांनी तिला लवंगेच्या कळ्यांच्या रांगेसारखा आकार दिला. गंमत म्हणजे पात्याला गंज चढू नये म्हणून लावतात त्या तेलाचं नावही लवंगेवरूनच आहे.

खालच्या पाटीवर पहिली ओळ लोहाराची. कोणत्या सरदाराकडे होती, कुठल्या लढाईत होती, हे असलंच तर नंतर. मराठी माणसाला हे जरा चमत्कारिक वाटतं. आपण तलवारीपाशी गेलो की 'कुणाची?' हाच प्रश्न, आणि त्या 'कुणाची'चा अर्थ कमरेला कुणाच्या होती, एवढाच. ती घडवली कुणी, हे मी तरी आजवर विचारलं नव्हतं.

इथली सर्वांत नावाजलेली 'सांचोमो' ही सोळाव्या शतकातल्या उएसुगी केन्शिन या सरदाराकडे असलेली तलवार. सेतोउची या छोट्या नगरपालिकेने देशभरातून देणग्या गोळा करून २०२० साली ती ५० कोटी येनना विकत घेतली. ती बारमाही मांडलेली नसते. मला नाहीच दिसली. आवारातल्या कार्यशाळांमध्ये मात्र पातं उजळणारे, म्यानं करणारे कारागीर बसलेले असतात. उजळणारा माणूस उकिडवा बसून दगडावर पातं घासतो, एक एक पातं कित्येक दिवस. तिथून माझा पाय निघेना.

दोन दिवसांनी ओसाकाला जुन्या शस्त्रांच्या एका दुकानात गेलो. भिंतीवर लाकडी पेट्यांतून त्सुबा मांडलेल्या. त्सुबा म्हणजे पातं आणि मूठ यांमधली चकती. तळहातावर मावणाऱ्या लोखंडात कोरलेला बगळा, सोन्याची एखादी पाकळी. तांब्यात थोडं सोनं मिसळून केलेला शाकुदो नावाचा निळसर काळा धातू पहिल्यांदा इथेच जवळून पाहिला. तलवार परवडत नाही ते त्सुबा जमवतात, आणि जमवता जमवता तलवारीपेक्षा तिच्यातच जास्त रमतात.

दुकानदारांनी एक पातं दाखवलं. आधी त्याला नमस्कार, मग रेशमी रुमालावर तोलायचं, आणि पातं बाहेर असेपर्यंत बोलायचं नाही, थुंकीचा कण उडाला तर गंज धरतो. पाहून झाल्यावर त्यांनी सोबतचा नोंदणीचा कागद पुढे केला. १९५८ च्या कायद्याप्रमाणे १५ सेंटीमीटरहून लांब पात्याला तो लागतोच. देतं कोण, तर पोलीस नव्हे, प्रांताचं शिक्षण मंडळ. त्यावर लांबी, बाक, खिळ्याची भोकं, सही, सगळं आहे. मालकाचं नाव नाही. तलवार विकली की कागद तिच्यासोबत जातो, नव्या मालकाने वीस दिवसांत कळवायचं, बस्स.

जुन्या तोड्याच्या, म्हणजे पेटत्या वातीने डागायच्या, बंदुकांनाही हाच नियम. त्या पाहायला नागाहामाजवळच्या कुनितोमो गावी गेलो. हे बंदुका घडवणाऱ्यांचं गाव, आणि इथल्या संग्रहालयात खरी बंदूक हातात घेऊ देतात. चांगलीच जड, आणि सगळं वजन पुढे. १५४३ साली तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांसोबत बंदूक आली, त्यानंतर थोड्याच वर्षांत जपानी लोहार त्या स्वतः करू लागले. चाप ओढला की पेटता तोडा झटक्याने बंदुकीच्या कानावर, म्हणजे दारू पेटवायच्या जागी, आदळतो, आपल्या बऱ्याच जुन्या बंदुकांसारखा हळूहळू टेकत नाही. या झटक्याच्या रचनेवरून काही अभ्यासक म्हणतात की जपानात पोचलेल्या त्या पहिल्या बंदुका गोव्याच्या किंवा मलाक्काच्या घडणीच्या असाव्यात.

तिथल्या आजोबांना मोबाईलवरच्या दुभाषाकरवी सांगितलं, की आमच्या कोकणात अजून ठासणीच्या बंदुका आहेत, पिकं राखायला. परवाना माणसाच्या नावावर असतो आणि निवडणूक आली की बंदूक पुष्कळदा पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "घडवतं कोण?" मी म्हटलं, गावातलाच कुणी लोहार असेल. ते त्यांना पुरेसं वाटलं नाही.

त्यांनी मला कुनितोमो इक्कानसाईच्या दालनाकडे नेलं. एकोणिसाव्या शतकातला बंदूककार. लढाया संपलेल्या, मागणी आटलेली. त्याने आधी हवेच्या दाबावर चालणारी बंदूक केली, मग आरशाची दुर्बीण, आणि १८३५ पासून सूर्यावरचे डाग टिपून ठेवले. कुनितोमोला गेलात तर बंदुकांइतकाच वेळ या माणसासाठी ठेवा.